मामा "हा मी नाही" म्हणाले, तिथूनच चित्र सुरू करा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मामांनी सहा वर्षांपूर्वी दारू सोडली, त्या दिवसांत श्रद्धेनं त्यांना सावरलं, म्हणून येत्या नाताळात त्यांना त्यांचंच तैलचित्र भेट द्यायचं तुम्ही ठरवलंय. चित्रात मामा मध्ये, एका बाजूला बाटली आणि तिला विळखा घातलेला साप, दुसऱ्या बाजूला क्रूस, वरून किरण. घरात सगळ्यांना आवडलं. मामांनी मात्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे गं, पण हा मी नाही." आता तुम्ही विचारताय की श्रद्धा आणखी ठळक कशी करू, किरण वाढवू का, साप गडद करू का.

मी तीसेक वर्षं व्यक्तिचित्रं करतोय, त्यातली बरीचशी वसई भागातल्या ख्रिस्ती घरांसाठी. नाक चुकलं, कपाळ मोठं झालं, तर लोक सरळ तसं सांगतात. "नाक माझं वाटत नाही," म्हणतात. "हा मी नाही" असं माणूस क्वचित म्हणतो. म्हणतो तेव्हा साम्य जमलेलं असतं, पण चित्रातल्या माणसाच्या वाट्याला काही कामच आलेलं नसतं. तुम्ही जोडलेल्या फोटोत साप काहीतरी करतोय, क्रूस काहीतरी सांगतोय, किरण खाली येताहेत, आणि या सगळ्यांच्या मधोमध मामा लग्नातल्या फोटोसारखे हसताहेत. सहा वर्षं रोज जे त्यांनी केलं, ते चित्रात सापानं आणि किरणांनी वाटून घेतलंय. म्हणून माझ्या मते प्रश्न श्रद्धा ठळक करण्याचा नाहीच. मामांचा झगडा त्यांच्या अंगावर, चेहऱ्यावर, हातात परत कसा आणायचा, हा आहे.

इथे एका शब्दाची मला फार मदत होते. आपण बोलताना 'मोह' म्हणतो. मराठी बायबलात मात्र मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशूला रानात नेलं जातं ते सैतानाकडून 'परीक्षा' व्हावी म्हणून. त्याच बायबलातल्या प्रभूच्या प्रार्थनेतही 'परीक्षेत आणू नकोस' असंच आहे. मूळ ग्रीक शब्द 'पेइरास्मोस', त्यात मोह आणि कसोटी हे दोन्ही अर्थ आहेत. चित्रकाराला या दोन शब्दांपैकी कोणता मनात धरायचा ते ठरवावं लागतं, कारण त्यावर अख्खी रचना बदलते. 'मोह' म्हटलं की नजर वस्तूकडे जाते आणि आपण बाटली रंगवू लागतो. 'परीक्षा' म्हटलं की ती देणारा माणूस समोर येतो. व्यक्तिचित्राला दुसराच शब्द हवा.

त्याच अध्यायातली आणखी एक गोष्ट पाहा. चाळीस दिवस उपाशी राहिलेल्या येशूपुढे पहिली परीक्षा येते ती दगडांची भाकरी करण्याची. भाकरीत वाईट काय आहे? भूकही खरी आहे. आणि लूकच्या शुभवर्तमानात याच प्रसंगाच्या शेवटी सैतान कायमचा निघून जात नाही, संधी मिळेपर्यंत जातो. मामांचं सहावं वर्ष हे त्या 'संधी मिळेपर्यंत'मधलंच एक वर्ष आहे. झगडा एकदाच झाला आणि संपला असं तुमचं चित्र सांगतं, आणि रोज संध्याकाळी काय होतं हे त्यांना ठाऊक आहे. "हा मी नाही" यामागे हेही असू शकेल.

आता काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. चित्र कुठे लागणार? बाहेरच्या खोलीत, त्यांच्या झोपायच्या खोलीत, की चर्चच्या सभागृहात? घर कॅथलिक असेल तर रोजरीची माळ, घरातली वेदी, संतांची तसबीर हे रोजचं जग आहे. प्रॉटेस्टंट घरात त्या जागी बायबल आणि गीतांचं पुस्तक असेल. पण सगळ्यात मोठा प्रश्न संमतीचा आहे, आणि त्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

बाटली रंगवलेलं चित्र बाहेरच्या खोलीत लागलं की घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारणार, "ही बाटली कशाला?" मग मामांना दर वेळी उत्तर द्यावं लागणार, नाहीतर त्यांच्या वतीनं दुसरं कुणी देणार. आपली गोष्ट कुणाला, कधी आणि किती सांगायची हा हक्क त्यांचा आहे. ते दारू सोडणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' या गटाच्या सभांना जात असतील तर तिथे नाव गुप्त ठेवणं हे तत्त्वच आहे. पापनिवेदन करताना माणूस धर्मगुरूंपुढे जे बोलतो ते तो स्वतः बोलतो, आणि ते तिथेच राहतं. चित्रानं त्याच्या वतीनं परस्पर पापनिवेदन करू नये, असं मी मनापासून मानतो. म्हणून ब्रश उचलण्याआधी मामांना विचारा, "यातलं किती दिसलं तर चालेल?" "काहीच नको" म्हणाले तरी चित्र अडत नाही. ज्याला माहीत आहे त्याला कळेल आणि ज्याला माहीत नाही त्याला एक खंबीर माणूस दिसेल, असं चित्र करता येतं. उलट मला तर तेच जास्त आवडतं.

सैतान न काढता परीक्षा दाखवता येते का, अशी शंका असेल तर दोन चित्रं शोधून बघा. पहिलं इव्हान क्रॅम्स्कोय या रशियन चित्रकाराचं १८७२ मधलं, रानातल्या ख्रिस्ताचं. ते मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. करड्या खडकांवर ख्रिस्त बसलाय, पाठीमागे पहाट फुटतेय. सैतान नाही, देवदूत नाहीत, भाकरी झालेले दगडही नाहीत. आहेत ते एकमेकांत घट्ट अडकवलेले दोन हात, जवळजवळ चित्राच्या मधोमध. रात्रभर काय झालं ते त्या बोटांवरून कळतं.

दुसरं कॅराव्हॅजिओ या इटालियन चित्रकाराचं, १६१० च्या सुमाराचं, कोंबडा आरवण्याआधी शिष्य पेत्र येशूला तीनदा नाकारतो त्या प्रसंगाचं. हे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. अंधारात कमरेपर्यंतची तीनच माणसं. दासी दोन बोटांनी पेत्राकडे दाखवते, शिपाई एका बोटानं. तीन बोटं म्हणजे तीन नकार, असा अर्थ अभ्यासक लावतात. कोंबडा कुठेच नाही. पेत्राचे दोन्ही हात स्वतःच्याच छातीकडे वळलेत आणि कपाळावर आठ्यांचं जाळं. "मी? मी नाही त्याला ओळखत," हे तो तोंडानं म्हणतोय आणि त्याचेच हात त्याच्याकडे बोट दाखवताहेत. परीक्षेत हरणारा माणूस आहे हा, तरी त्याच्याबद्दल तिरस्कार वाटत नाही.

दोन्ही चित्रांत काम हातांनी केलंय, हे लक्षात ठेवा. आता माझ्या कामातला एक अनुभव सांगतो. ज्यांचा आहे त्यांनी नाव न घेता सांगायला परवानगी दिली आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका निवृत्त रोखपालांचं व्यक्तिचित्र करत होतो. नोकरीत असताना एकदा घरच्या अडचणीपायी त्यांनी पेटीतली रक्कम उचलली होती. पुढे परत भरली, वरिष्ठांना स्वतः जाऊन सांगितलं, आणि त्यानंतरची सगळी वर्षं रोज त्याच पेटीसमोर बसून काढली. त्यांना हवं होतं ते चित्र या 'नंतरच्या वर्षां'चं. पहिल्या दोन बैठकी वाया गेल्या. ते फोटो काढायला बसल्यासारखे बसत, मी चेहरा जमवत होतो आणि त्यात काही येत नव्हतं. तिसऱ्या बैठकीला मी ब्रश ठेवला आणि नुसता बोलत बसलो. बोलता बोलता लक्षात आलं की त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या कडेवर सारखा सरकतोय. विचारलं, तर म्हणाले, "नोटा मोजायची सवय. काही हातात नसलं तरी अंगठा मोजत राहतो." थोड्या वेळानं त्यांनी खिशातून माळ काढली, आणि मणी पुढे ढकलायला पुन्हा तोच अंगठा, तीच हालचाल.

मला चित्र मिळालं होतं. आधीची रचना पुसली, हात वर घेतला, छातीच्या खाली, आणि अंगठा एका मण्यावर दाबलेला ठेवला. तो पुढे सरकत नाहीये, थांबलाय. अंगठा दाबला की नखाचा पुढचा भाग पांढुरका पडतो आणि मुळाकडे रक्त साचून लालसर होतो. स्वतःचा अंगठा टेबलावर दाबून बघा. पुढच्या भागासाठी टायटेनियम व्हाइटमध्ये कणभर यलो ओकर आणि थोडासा टेर व्हर्ट (मातकट हिरवा) घेतला, मुळाशी ॲलिझरिन क्रिमझनचा (गडद लाल) अगदी पातळ हात दिला. नखाएवढी जागा, पण तिच्यावर मी एक अख्खी दुपार घालवली. चित्र पाहिल्यावर त्यांच्या पत्नी काही बोलल्या नाहीत, फक्त त्यांचा हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहत राहिल्या.

तुमच्या मामांचा असा अंगठा कोणता, हे मला माहीत नाही. तो तुम्हाला शोधायचाय, आणि तो फोटोत सापडत नाही. किमान चार-पाच बैठकी घ्या, प्रत्येकी दोन तासांची, दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडी विश्रांती. पहिली बैठक नुसती गप्पांची, मांडीवर स्केचबुक. त्यांना एक प्रश्न जरूर विचारा, "तलब कधी येते?" बहुतेकांकडे याचं नेमकं उत्तर असतं. कुणाला कामावरून परतताना, ठरावीक वळणावर. कुणाला पगाराच्या दिवशी, कुणाला लग्नघरात. आणि मग विचारा, "त्या वेळी तुम्ही काय करता?" म्हणजे हात कुठे जातात, बसता की उभे राहता, घराबाहेर पडता की आत येता. श्रद्धा या दुसऱ्या उत्तरात असते. कुणी म्हणेल, चहा टाकतो. कुणी म्हणेल, देवळात जाऊन मागच्या बाकावर बसतो. ते जे सांगतील ते रंगवा, अगदी साधं वाटलं तरी.

दोन गोष्टी सांभाळा. एक, बैठकीच्या खोलीत खरी बाटली ठेवू नका, 'तसा भाव यावा' म्हणूनही नको. ते बोलता बोलता अस्वस्थ झाले तर विषय सोडा, त्या दिवशी कान रंगवा, शर्टाची कॉलर रंगवा. दुसरी गोष्ट मला एका बसणाऱ्यानंच शिकवली. टर्पेंटाइनचा वास त्यांना स्पिरिटसारखा वाटून त्रास होत होता आणि संकोचानं ते दोन बैठकी काही बोललेच नव्हते. तेव्हापासून मी अशा वेळी बिनवासाचा थिनर, तोही कमी, आणि ब्रश पुसायला जवसाचं तेल वापरतो. खिडकी उघडी ठेवा आणि आधीच विचारून घ्या.

प्रकाशाबद्दल. तुम्ही सोबत पाठवलेल्या पुढच्या आराखड्यात चेहऱ्याची एक बाजू काळी आणि एक उजळ आहे. ही कल्पना सगळ्यांनाच सुचते, मीही सुरुवातीला केली आहे, पण ती सोडा असंच सांगेन. त्यातून अर्धा माणूस सैतानाचा आणि अर्धा देवाचा असा अर्थ निघतो, आणि ख्रिस्ती श्रद्धा तसं सांगत नाही. बायबलातल्या इब्रींस पत्रात म्हटलंय की येशू सर्व प्रकारे पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. म्हणजे परीक्षेला सामोरं जाणं हे पाप नव्हे, आणि परीक्षा होत असलेली बाजू काळी असायचं कारण नाही. सगळा चेहरा एकाच प्रकाशात येऊ दे.

तो प्रकाश कुठला, हे मामांच्या उत्तरावरून ठरवा. समजा ते म्हणाले, संध्याकाळी दिवे लावायच्या आधी. तर नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्याआधीचा अर्धा-पाऊण तास खिडकीतून तिरपा, सौम्य उजेड येतो. रेखाटन दिवसा करून घ्या आणि त्या वेळेत फक्त रंगाचे छोटे अभ्यास करा, आठ बाय दहा इंचाच्या कार्डबोर्डवर, रोज एक. तीन-चार झाले की त्या उजेडाचा रंग हाताला कळतो. वेदीपुढचा दिवा घ्यायचा मोह होईल, पण दोन उजेड एकत्र सांभाळणं अवघड असतं. घ्यायचाच तर जबड्याखाली एक हलका उबदार परतीचा उजेड म्हणून घ्या, ज्योत दाखवू नका.

चेहऱ्यात श्रद्धा म्हणजे शांतपणा, असा आपला समज असतो. सतराव्या शतकात ग्वीदो रेनी या इटालियन चित्रकारानं वर लागलेले ओलसर डोळे इतके सुंदर रंगवले की पुढे पवित्र चित्रांच्या कार्डांवर तेच येत राहिले. आता ते डोळे पाहिले की कार्ड आठवतं, माणूस आठवत नाही. मामांची नजर वर नेऊ नका. पाहणाऱ्याच्या खांद्यावरून किंचित पलीकडे, डोळ्यांच्या पातळीवरच ठेवा, जणू खोलीत दुसरं कुणीतरी आहे. प्रतिकार दिसतो तो कानाच्या खाली, जबड्याच्या स्नायूत. दात किंचित दाबले की तिथे एक उभा फुगवटा येतो. तो अर्ध्या टोननंच उचला, जास्त केला तर राग दिसेल. खालची पापणी जरा ताठ. ओठ मात्र सैल ठेवा. वरचा भाग धरून ठेवतोय आणि तोंड सुटलंय, या दोन्हींच्या एकत्र येण्यातून प्रार्थना करणारा चेहरा तयार होतो. मी हे आरशात स्वतःवर करून बघतो. तुम्हीही करा.

कडांचा वापर इथे फार कामाला येतो. डोळे बारीक करून पाहिलं की काही कडा पार्श्वभूमीत विरतात. लांबचा खांदा, केसांची मागची बाजू विरू द्या. कपाळ, नाकाचा दांडा आणि हात यांच्या कडा घट्ट ठेवा, त्यातही हाताची सर्वांत घट्ट. माणसानं जिथे धरून ठेवलंय तिथे पाहणाऱ्याची नजरही धरली जाते.

खूण एकच ठेवा, आणि ती शोधावी लागेल अशी. रेम्ब्रांटनं १६६१ मध्ये स्वतःला प्रेषित पौलाच्या रूपात रंगवलं. ते ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात आहे. तलवार ही पौलाची खूण, पण तिची नुसती मूठ झग्यातून डोकावते. आधी दिसतो तो थकलेला, भुवया उंचावलेला म्हातारा. माझी एक चूक सांगतो. एका गवंड्याच्या चित्रात मी राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर लावतात ती राख दाखवली. प्रसंग खरा होता, राख छान जमली होती. पण जो येई तो त्या डागाकडेच पाही आणि डोळ्यांपर्यंत पोचतच नसे. शेवटी राख पुसली आणि नखांत अडकलेलं सिमेंट तेवढं राहू दिलं.

कपडे त्यांचेच. मामांना झगा किंवा शाल पांघरायची गरज नाही. रोजचा शर्ट, बाही जशी दुमडतात तशी दुमडलेली. आपल्याकडे हा विश्वास आधीच्या चित्रकारांनी दिलाय. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिलेल्या अँजेलो दा फोन्सेकांनी मरियेला साडी नेसवली ती याच मातीतली म्हणून. आणि पणजीला गेलात तर फुंदासाव ओरिएंत या संस्थेत ए. एक्स. त्रिंदाद यांची चित्रं नक्की बघा. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकवणाऱ्या या माणसानं आपल्या ओळखीचे चेहरे किती आदरानं पाहिलेत ते कळेल.

कामाचा क्रम थोडक्यात. आत्ताच्या कॅनव्हासवर दुरुस्ती करू नका, सापाचा जाड थर खालून वर दिसत राहील. नवा चोवीस बाय तीस इंचाचा घ्या. रॉ अंबरमध्ये थोडा अल्ट्रामरीन मिसळून पातळ थर द्या, सुकल्यावर कोळशानं रेखाटन. डोकं आणि हात एकाच दिवशी मांडा, हात नंतर 'बसवलेला' दिसू नये म्हणून. खालचे थर पातळ, वरच्या थरांत तेल जास्त. अंबर लवकर सुकतो, पांढरा वेळ घेतो, त्यामुळे जाड हायलाइट अगदी शेवटी. नाताळापर्यंत वरून कोरडं वाटलं तरी व्हार्निश तेव्हा करू नका, किमान सहा महिने जाऊ द्या. मामांना आधीच सांगून ठेवा की पावसाळ्याच्या तोंडावर चित्र आठवडाभर तुमच्याकडे परत येणार आहे.

आणि रंग लावायच्या आधी, कोळशाचं रेखाटन त्यांना दाखवा. साप नाही, किरण नाहीत, फक्त ते आणि त्यांचा हात. काही समजावून सांगू नका. ते पुन्हा बराच वेळ बघतील. या वेळी बोलले नाहीत तरी त्यांचा हात काय करतो तिकडे लक्ष ठेवा, आणि रेखाटनातल्या हाताशी तो ताडून बघा.